आठ मिलिमीटरचा कागद

१

निशिगंधा गुप्ते गाडीतून उतरल्या आणि त्यांनी आधी पदर नाकाला लावला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या नाल्याला वास असतो, हे कोणी वेगळं सांगायला नको. पण आज त्या वासात उकडलेल्या रंगाचा आणि जळक्या रबराचा दर्प मिसळला होता. तो जिथून येत होता तिथे काल सकाळी साडेदहाला देवराम मढवी नावाचा ऑपरेटर मेला होता.

कारखान्याने स्वतःच्या वीजनिर्मितीसाठी नवा कंडेन्सर बसवला होता. टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करून तिचं पाणी करणारं हे भलंमोठं आडवं पोलादी नळकांडं. तीन मीटर व्यास, सहा मीटर लांबी. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी होते, व्हॅक्यूम. आणि मग बाहेरची हवा सगळं वजन टाकून त्या पत्र्यावर बसते. पत्रा पुरेसा जाड असला तर काही होत नाही. काल झालं. चाचणीच्या तिसऱ्या तासाला नळकांडं आत चेपलं, वरचा वाफेचा पाइप सांध्यातून तुटला आणि खाली उभ्या असलेल्या देवरामच्या अंगावर वाफ आली. तो एक्केचाळीस वर्षांचा होता.

निशिगंधाबाई विमा कंपनीच्या सर्व्हेअर. त्याआधी पंचवीस वर्षं त्यांनी बॉयलर आणि असली दाबाची भांडी तपासण्यात काढलेली. त्यांना राग लवकर येत नसे. किळस मात्र लगेच येई, आणि आली की ती लपवायची त्यांना सवय नव्हती.

चेपलेल्या पत्र्यावर गुटख्याची ताजी पिचकारी होती.

"काल इथे माणूस मेलाय," त्या शेजारच्या सुपरवायझरला म्हणाल्या.

"पुसायला सांगतो मॅडम," तो म्हणाला, आणि तोंडातला ऐवज सांभाळत दुसरीकडे बघू लागला.

तेवढ्यात साईनाथ ढोणे पुढे आला. कंडेन्सर त्याच्या ठाण्यातल्या वर्कशॉपने बनवला होता. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, भरून आलेले डोळे. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एकच कागद होता, आणि तो त्याने अशा बेताने पुढे केला की बाईंनी तो घेतलाच पाहिजे.

कागद म्हणजे जाडीच्या हिशेबाचा छापील फॉर्म. आकडे कॉम्प्युटरवर टाकलेले. तारीख १२ फेब्रुवारी. व्यास ३०००. आधारांमधलं अंतर १५००. पत्र्याची किमान जाडी ८ मिलिमीटर. खाली निळ्या शाईत सही: आनंदा चौगुले.

"काका माझे गुरू हो, मॅडम," साईनाथ म्हणाला. "मी वेल्डर होतो. त्यांनीच मला उचलून टेबलावर बसवलं. पण आता वय झालं, विसरायला लागलेत. मार्चअखेर आम्ही त्यांना निरोप दिला. हा हिशेब त्याच्या आधीचा. माझंच चुकलं, मी परत तपासायला पाहिजे होता."

"आणि मूळ फाइल?"

"वाळवी लागली त्या कपाटाला. हा एक कागद तेवढा वाचला."

वाळवी फार समजूतदार असते, नेमकं सोडायचं ते सोडते, असं बाईंच्या मनात आलं.  पर्समधून खडू काढून त्यांनी चेपलेल्या नळकांड्याला फेरी मारली आणि प्रत्येक खळग्यावर आकडा घातला. पाच. पाचही खळगे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेलेले. मग त्यांनी खालच्या अंगाच्या तपासणीच्या झरोक्यातून टॉर्चसकट डोकं आत घातलं.

आत हजारो बारीक ट्यूबा, आणि त्या तोलून धरणाऱ्या उभ्या सपोर्ट प्लेटा. त्या त्यांनी दोनदा मोजल्या. तीन. प्लेट आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती आणि मधे मधे वाटाण्याएवढे वेल्डिंगचे टाके, सगळे तुटलेले.

बांबू पोकळ असूनही चेपत नाही, कारण त्याला पेरं असतात. कंडेन्सरचं तसंच. सपोर्ट प्लेट पत्र्याला घट्ट वेल्ड केली तर ती पेराचं काम करते. मग अंतर दीडच मीटरचं आणि पातळ पत्राही टिकतो. खळगे पडलेच तर आखूड पडतात, आणि गोल फिरून दहाच्या आसपास भरतात. इथे पाचच होते आणि पुरते लांब. म्हणजे पेरं नव्हतीच. कागदावर पंधराशे मिलिमीटर, प्रत्यक्षात टोकापासून टोकापर्यंत सहा हजार, आणि तेवढ्या लांबीला आठचा पत्रा म्हणजे जिवाशी खेळ.

साईनाथच्या वर्कशॉपची रीत निशिगंधाबाईंना जुनी माहीत होती. ट्यूबांचा सगळा जुडगा बाहेर बांधायचा आणि ड्रॉवरसारखा आत सरकवायचा, प्लेटांना नुसते टाके मारायचे. तीस वर्षं हेच चालू होतं. त्यात चूक काही नाही, फक्त त्या प्लेटा आधार म्हणून हिशेबात धरायच्या नाहीत. आणि हे त्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांत चांगलं ज्या माणसाला ठाऊक होतं, त्याचीच सही या कागदावर होती.

त्यांनी सही उन्हात धरून पाहिली. त्या सहीचे शेकडो कागद त्यांच्या हाताखालून गेले होते. ही खरीच होती.

"चार वाजता काका जबाब लिहून देतायत," साईनाथ हळू आवाजात म्हणाला. "चूक कबूल आहे म्हणाले. मीच म्हटलं, पोलिसांनी घरी यायच्या आत आपण होऊन दिलेलं बरं."

२

दार चौगुलेंच्या पत्नीने, गोदाबाईंनी उघडलं. आनंदा चौगुले खिडकीपाशी बसले होते. दाढी अर्धी केलेली, डावा गाल गुळगुळीत आणि उजव्यावर पांढरे खुंट.

"या बाई. तुम्ही त्या... बॉयलरच्या ना?"

"गुप्ते."

"हां, गुप्तेबाई. तुम्ही माझे कागद कधी परत पाठवले नाहीत."

टेबलावर सफरचंदांची पिशवी होती आणि तिच्याखाली टाइप केलेला जबाब. साईनाथने सकाळीच आणून दिलेला. 'वार्धक्य व विस्मरण यांमुळे माझ्याकडून जाडीच्या हिशेबात गंभीर चूक झाली.' भाषा वकिलाची होती. सफरचंदं मात्र निवडून आणलेली, लालभडक. बाईंनी पिशवी लांब सरकवली.

"हा हिशेब तुम्ही केला?" त्यांनी कागदाचा फोटो दाखवला.

आनंदांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. "सही माझी."

"हिशेब?"

"आठवत नाही. मी प्लेटा कधी धरत नसे. आमच्याकडे त्या सैल असतात." त्यांनी फोन खाली ठेवला. "पण बाई, आज सकाळी मी दोनदा आंघोळ केली. हिला विचारा. जो माणूस दोनदा आंघोळ करतो, त्याने प्लेटा धरल्या नसतील कशावरून? सही माझी आहे. मग दुसरा कोण?"

"फेब्रुवारीत तुम्ही असे नव्हतात."

"कसा होतो ते मलाच कुठे माहिताय? साईनाथ म्हणतो तेव्हापासूनच सुरू झालेलं. तो खोटं कशाला सांगेल? पोरासारखा आहे तो." त्यांचा आवाज खाली गेला. "त्या देवरामच्या बायकोचं नाव सगुणा. साईनाथने सांगितलं. तिला कोणीतरी सांगायला नको का, की कोणाच्या हातून झालं? मी सही करणार आहे बाई. ज्याने मारलं त्याने निदान तोंड लपवू नये."

गोदाबाई निशिगंधाबाईंना पोचवायला जिन्यापर्यंत आल्या आणि दार ओढून घेऊन म्हणाल्या, "तुम्हाला सांगते, हे सगळं विसरतील. मला विसरतील, पोरांना विसरतील. पण एकदा सही केली ना, की ती नाही विसरणार. रोज सकाळी उठून तेवढंच आठवेल त्यांना. काही करता येत असेल तर चारच्या आत करा."

बाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा झाले होते.

३

वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप दुमजली. खाली लोखंड, वर ऑफिस. वर ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरपाशी भावना केणे बसली होती. आनंदांच्या हाताखाली दोन वर्षं शिकलेली आणि ते गेल्यावर त्यांच्या जागी आलेली. निशिगंधाबाईंना पाहून तिने उगाचच खुर्ची पुसली.

"कंडेन्सरचं ड्रॉइंग काढ," बाई म्हणाल्या.

ड्रॉइंग पडद्यावर आलं. पत्रा आठ मिलिमीटर. सपोर्ट प्लेटा पाच, एकेका मीटरवर.

बाईंनी चष्मा सारखा केला. "पाच?"

"हो मॅडम. पहिल्यापासून पाचच. काकांच्या फेब्रुवारीच्या ड्रॉइंगमध्ये पण पाच, हजार-हजारवर. मी त्याला हात नाही लावलेला. गिऱ्हाइकाने मंजूर केलेली कॉपी त्यांच्याकडे पण आहे."

"आणि पत्रा? तोही पहिल्यापासून आठ?"

भावनाने ओठ चावला. "नाही. चौदा होता. मे महिन्यात साईनाथसर म्हणाले, काकांनी जायच्या आधी हिशेब परत केलेला, आठ पुरतो, ड्रॉइंग बदल. मी हिशेबाची शीट मागितलेली. म्हणाले, देतो नंतर. परत एकदा मागितली तर म्हणाले, तुला माझ्यावर विश्वास नाय का?"

"आणि तू बदललंस."

"बदललं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना त्याची दया आली नाही. जाडी शीट न बघता बदलणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं, आणि इथे गाडीखाली दुसराच गेला होता.

"आत प्लेटा किती बसवल्या, पाहिलंस?"

"मी खाली जातच नाही मॅडम. साईनाथसरांना चालत नाही. खाली पोरं असतात, बायकांनी कशाला यायचं, म्हणतात. त्या दोन वर्षांत काकाच फक्त न्यायचे मला बरोबर. ते गेले आणि माझं खाली जाणं बंद झालं. ड्रॉइंग खाली जातं, पुढे काय होतं ते मला कळत नाही."

निशिगंधाबाईंनी कपाळावर हात मारला. डिझाइन करणाऱ्या पोरीला लोखंड बघायची बंदी, आणि वर शहाजोगपणे म्हणायचं की पोरीच्या जातीची काळजी आहे!

"आता एकच खरं सांग. काकांची सही खरी आहे. ती त्या कागदावर आली कुठून?"

 भावनाने उठून आधी दार लावलं.

"निरोपाच्या दिवशी," ती म्हणाली. "वडे मागवलेले, सगळे हसत होते. साईनाथसर म्हणाले, काका, थोड्या फॉर्मवर सह्या करून ठेवा, तुम्ही घरी गेल्यावर काम अडायला नको. काकांनी केल्या. दहा-बारा कोऱ्या फॉर्मवर. आमच्याकडे सगळेच करतात मॅडम, साहेब सुट्टीवर जायचा असला की करून ठेवतात. कोणाला काही वाटत नाही त्याचं."

"कुठे ठेवले ते फॉर्म?"

"त्या कोपऱ्यातल्या कपाटात. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते. मला माहितीय, सरांना माहितीय. ते बाहेरचे तपासनीस आहेत ना, दिपेशसर, त्यांना पण. एकदा तपासणीला आलेले तेव्हा एक शीट कमी होती, तर त्यांनीच त्यातला एक काढून भरून घेतलेला. आणि हिशेबाचा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर आहे, तो तर कोणालाही चालवता येतो."

म्हणजे सही खरी आणि कागद खोटा. बाईंना हवं ते मिळालं होतं आणि तरी ते पुरेसं नव्हतं. तिघांना किल्ली माहीत, तिघांनाही आकडे टाकता येतात. साईनाथ, दिपेश आणि ही समोरची. आणि तिघांपैकी कोणीही म्हणू शकत होतं की फॉर्म कोरा नव्हताच, काकांनीच भरला आणि विसरले.

"हे आधीच का नाही सांगितलंस?"

"ड्रॉइंगवर माझी सही आहे ना मॅडम," भावना म्हणाली. "मला पण चार वाजता बोलावलंय. साक्षीदार म्हणून."

४

दिपेश ठोसर हा तपासनीस. वर्कशॉपमधून माल बाहेर पडायच्या आधी तो ड्रॉइंगप्रमाणे झालाय की नाही हे पाहून शिक्का मारणारा बाहेरचा, त्रयस्थ माणूस. त्याचं ऑफिस नौपाड्यात, एका दाताच्या दवाखान्याच्या वर. जिन्यात औषधाचा वास आणि त्याच्या टेबलावर अर्धी खाल्लेली मिसळ, तर्रीवर साय धरलेली.

"वाईट झालं," तो रुमालाने बोटं पुसत म्हणाला. "पण माझा रिपोर्ट क्लीन आहे बघा. पत्रा मोजला, आठ. ड्रॉइंगला आठ, जागेवर आठ. हिशेब चुकला तर त्याला मी काय करणार? म्हातारा माणूस."

"आतून पाहिलंत?"

"म्हणजे काय! स्वतः आत शिरलो मी. पाचही सपोर्ट प्लेटा मोजल्या. हे वाचा." त्याने ऑक्टोबरचा रिपोर्ट पुढे सरकवला. 'सपोर्ट प्लेटा पाच, ड्रॉइंगप्रमाणे, समाधानकारक.'

"पाच? नक्की?"

"मॅडम, आता या डोळ्यांनी पाहिल्यात. शपथ घेऊ का?"

निशिगंधाबाईंनी त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि मग मनातल्या मनात त्या झरोक्याकडे. त्यातून त्यांचं नुसतं डोकं गेलं होतं, तेही अंबाडा दाबून. हा माणूस त्या कंडेन्सरच्या आत गेला असेल तर उंट सुईच्या नेढ्यातून पळत जाईल.

"जाडीच्या हिशेबाचा कागद पाहिलात?"

"साईनाथने कालच व्हॉट्सॲपवर पाठवला. हा काय. बरोबर आहे, आठच येतो त्यात. त्याच्यावरच जबाब आहे ना चारला? मी पण चाललोय, साक्षीला." त्याने फोन त्यांच्यासमोर धरला. त्याच पडद्यावर '१५००' हा आकडा होता, आणि त्याच टेबलावर 'प्लेटा पाच' असा त्याचा रिपोर्ट. हा इसम दोन्हींच्या मधे बसून मिसळीतलं फरसाण शोधत होता.

कुंपणच शेत खातं म्हणतात. हे कुंपण शेत खात नव्हतं, ते नुसतं झोपलेलं होतं. पण त्याच्या त्या निर्लज्ज झोपेनेच बाईंना शेवटचा धागा दिला. खुर्ची मागे सारून त्या उठल्या.

"ठोसर, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या उपयोगी पडलात," त्या म्हणाल्या. "हात धुवा आणि माझ्या गाडीत बसा."

५

चार वाजता आनंदांच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. साईनाथ आनंदांच्या पायाशी मोढ्यावर बसला होता, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून, घरच्यासारखा. भावना भिंतीला टेकून उभी. दिपेशने सोफा अडवला. जबाब टेबलावर आणि आनंदांच्या हातात पेन.

"चौगुले, पाच मिनिटं," निशिगंधाबाई म्हणाल्या. "या कागदात एक आकडा आहे. पंधराशे. दोन प्लेटांमधलं अंतर. तेवढ्यावरच मला बोलायचंय."

"मॅडम, काकांना आता त्रास नको," साईनाथ म्हणाला.

"त्रास मी देत नाहीये. सहा मीटरमध्ये पाच प्लेटा बसवल्या तर अंतर हजार येतं. तीन बसवल्या तर पंधराशे. ड्रॉइंगमध्ये पाच आहेत, फेब्रुवारीपासून आजपर्यंत. गिऱ्हाइकाच्या कॉपीतही पाच. मी सकाळी आत डोकं घालून मोजल्या, तर तीन. दोन गाळल्या, त्या वर्कशॉपमध्ये जोडणी करताना, सप्टेंबरात नाहीतर ऑक्टोबरात. मग मला सांगा, बारा फेब्रुवारीला कागद लिहिणाऱ्याला पंधराशे हा आकडा कुठून मिळाला? तेव्हा कंडेन्सर बनलाच नव्हता. चौगुलेंच्या समोर होतं ते ड्रॉइंग हजारचं. त्यांनी विसरून, चुकून, झोपेत जरी प्लेटा धरल्या असत्या तरी हजारच लिहिलं असतं. हा कागद कंडेन्सर बनल्यावर भरलाय. कोऱ्या फॉर्मवर, आधी केलेल्या सहीच्या वर."

"कोऱ्या?" आनंदा म्हणाले.

"निरोपाच्या दिवशी केल्या होत्यात तुम्ही सह्या, काका," भावना भिंतीपासूनच म्हणाली. "मी होते तिथे."

"भरला कोणी, ते सांगते. ज्याला आत तीनच प्लेटा आहेत हे माहीत होतं, त्याने. ही पोरगी खाली गेलीच नाही. तिच्या लेखी आजही पाच आहेत. तिने खोटा कागद केला असता तर हजारचा केला असता. खालच्या वेल्डरांना माहीत होतं, पण त्यांना वरच्या कपाटाची किल्ली कुठली? राहिले ठोसर."

"मी आत जाऊन..." दिपेशने सुरुवात केली.

"तुम्ही केबिनमध्ये बसून ड्रॉइंग बघून रिपोर्ट लिहिलात. आज दुपारी, हा पंधराशेचा कागद हातात असताना, तुम्ही मला शपथेवर पाच सांगितलंत. कागद तुम्ही केला असता तर निदान आज तरी तीन म्हणाला असतात. तुमचा शिक्का जाणार आहे ठोसर, पण या कागदाला तुमचा हात लागलेला नाही."

दिपेशला हायसं वाटलं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं. निशिगंधाबाईंनी मान फिरवली.

"कागदावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने हजार लिहिलं असतं. पंधराशे लिहिलं ते लोखंडावर विश्वास ठेवणाऱ्याने. ज्याने स्वतः उभं राहून दोन प्लेटा कमी करवल्या आणि ज्याला ठाऊक होतं की सर्व्हेअर आली की टॉर्च घेऊन आत बघणार. मोजणीशी कागद जुळायला पाहिजे ना! जुळवला. ड्रॉइंगशी जुळवायचा मात्र राहून गेला, कारण वेल्डर होता तेव्हापासून त्याने खरं मानलं ते हातातलं लोखंड. साईनाथ, देवराम गेला त्याला अजून दीड दिवस झाला नाही. एवढ्यात तुम्ही कागद बनवला, जबाब टाइप करवला आणि सफरचंदंही आणलीत. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ पाहिले. जित्याच्या विसरण्यावर जगणारा आजच पाहिला."

साईनाथ हलला नाही. बाईंकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याने आनंदांचा हात हातात घेतला आणि मऊ आवाजात बोलू लागला.

"काका, मॅडमना माहीत नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, साईनाथ, प्लेटा धरल्या की आठ पुरतो? आपण गच्चीवर उभे होतो. पाच काय, तीन पण चालतील म्हणालात. आठवा बरं. फेब्रुवारीत. थंडी होती, तुम्ही मफलर घातलेला."

  हा माणूस निशिगंधाबाईंच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, एका म्हाताऱ्याच्या डोक्यात खोटी आठवण घालत होता. आणि ती आत जात होती.

"मफलर..." आनंदा पुटपुटले. "म्हणालो असेन. गच्चीवर."

"अहो!" गोदाबाई ओरडल्या.

आनंदांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पेनाकडे. कपाळावर आठ्या पडल्या. बराच वेळ ते काहीतरी शोधत होते आणि ते त्यांना सापडत नव्हतं. मग त्यांनी शोधणं सोडून दिलं आणि खुर्चीत सरळ बसले. बोलले तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता, कोरडा, मास्तरासारखा.

"सायन्या. ट्यूबांचा जुडगा बाहेरून सरकवलाय. प्लेटांना नुसते टाके आहेत. नळकांडं सहा मीटर. लांबी किती धरायची?"

"टोकापासून टोकापर्यंत, काका," साईनाथ म्हणाला. "सहा हजार."

तो इतक्या पटकन म्हणाला की शब्द बाहेर पडल्यावरच त्याला ते ऐकू आले. तीस वर्षं त्या आवाजाने विचारायचं आणि त्याने उत्तर द्यायचं, उत्तर चुकलं तर खाली जाऊन परत मोजून यायचं.

"आणि तीन मीटर व्यासाला पत्रा?"

साईनाथने दाराकडे पाहिलं.

"मी विचारतोय."

"चौदा," साईनाथ म्हणाला. त्याचा हात आनंदांच्या हातातून निसटून मांडीवर पडला होता.

आनंदांनी मान हलवली. बरोबर उत्तराला ते जशी हलवत असत तशीच. मग त्यांचा चेहरा हळूहळू वाकडा झाला, आंबलेलं काहीतरी तोंडात आल्यासारखा.

"म्हणजे तुला येत होतं," ते म्हणाले. "कालपासून मला वाटत होतं की मी चुकलो. नाहीतर तुला शिकवताना चुकलो. मी चुकलोच नव्हतो. तुला सगळं येत होतं, आणि तरी त्या देवरामला तू तिथे उभा केलास."

"काका, चौदाचा पत्रा, प्लेटा, काहीच मिळत नव्हतं वेळेत, गिऱ्हाईक..."

"उठ."

साईनाथ उठला. त्याला वाटलं काका दाराकडे बोट करतील. पण आनंदांनी टेबलावरचा जबाब त्याच्यापुढे सरकवला आणि स्वतःच्या हातातलं पेन त्याच्या हातात दिलं.

"यातलं वार्धक्य आणि विस्मरण खोड," ते म्हणाले. "बाकीचं बरोबर लिहिलंयस. नाव तुझं घाल."